विसर आणि भ्रंश

'साठी बुद्धि नाठी' ही म्हण आमच्या घरांतून इतक्या सहजपणें उच्चारली जाते कीं तींत एका माणसाची अब्रू गुंतलेली असते हें उच्चारणाऱ्याच्या ध्यानांतही येत नाहीं. आजोबांनीं चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधला म्हणजे मुलें हंसतात आणि थोरलीं माणसें ही म्हण म्हणून मोकळीं होतात. पुढें कधीं तेच आजोबा रोजच्या वाटेवरून परततांना देवळाच्या कोपऱ्यावर थबकतात, घर कोणत्या अंगाला तें त्यांस उमगत नाहीं, आणि शेजारचा मुलगा हात धरून त्यांस पोंचवितो. तेव्हांही घरांत तीच म्हण म्हटली जाते. या दोन गोष्टी एकाच माळेचे मणी आहेत, कीं त्यांची जातच निराळी आहे? पहिलीला हंसावें आणि दुसरीला भ्यावें असें आज सर्वांस वाटतें. पण हें वाटणें फार अलीकडचें आहे. वार्धक्यांतला साधा विसर आणि बुद्धीचा खरा भ्रंश यांच्यामध्यें रेषा ओढण्याचा प्रयत्न माणसानें कसकसा केला, ती कोठें सरळ आली आणि कोठें वांकडी गेली, याची हकीकत सांगण्याचा आमचा हेतु आहे. रेषा चुकीच्या जागीं पडली तर शहाण्या माणसाच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या जातात, किंवा आजारी माणूस वर्षानुवर्षें थट्टेचा विषय होऊन राहतो. दोन्ही प्रकार आम्हीं पाहिले आहेत.

प्रथम शब्दाविषयीं थोडें. वैद्यक ज्याला 'डिमेन्शिया' म्हणतें त्यास मराठींत स्मृतिभ्रंश हा शब्द रूढ झाला आहे. शब्द जुना आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत विषयचिंतनापासून नाशापर्यंतची जी उतरंड सांगितली आहे तींत संमोह आणि बुद्धिनाश यांच्या मधल्या पायरीवर तो बसलेला आहे. तेथें त्याचा अर्थ नीतीचा आहे. क्रोधानें आंधळ्या झालेल्या पुरुषाची ती अवस्था आहे, म्हाताऱ्याची नव्हे. आधुनिकांनीं तो उचलून रोगाला दिला आणि त्यामुळें एक गैरसमज दृढ झाला. नांवांतच स्मृति असल्यामुळें विसरला तो भ्रमला, आणि ज्याला आठवतें तो शाबूत, असें लोक धरून चालतात. वस्तुतः या रोगांत स्मृतीबरोबर वाट, भाषा, हिशोब, वस्त्र अंगावर चढविण्याचा क्रम, चारचौघांतला विवेक हीं सर्व हळूहळू सुटत जातात. कित्येकदां स्मृति ही पहिली सुटणारी वस्तुही नसते.

प्राचीन रोममध्यें या विषयावर दोन चित्रें काढलीं गेलीं आणि तीं एकमेकांकडे पाठ करून उभीं आहेत. सिसेरोनें ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें, स्वतः बासष्टीचा असतां, वार्धक्यावर संवाद लिहिला. त्यांत चौऱ्यायशीं वर्षांचा केटो म्हणतो कीं स्मृति मंद होते ती न वापरल्यामुळें. आपलें धन कोठें पुरलें हें विसरलेला म्हातारा आपण ऐकलेला नाहीं. येणें-देणें आणि कोर्टाच्या तारखा वृद्धांस पक्क्या आठवतात. पुढें तो सोफोक्लीजची गोष्ट सांगतो. या नाटककाराच्या मुलांनीं बापाची बुद्धि गेली, सबब इस्टेट त्याच्या हातून काढावी, अशी फिर्याद केली. म्हाताऱ्यानें नुकतेंच लिहिलेलें ईडिपसविषयींचें नाटक न्यायाधीशांपुढें म्हणून दाखविलें आणि हें वेड्याचें काम दिसतें काय असें विचारलें. तो सुटला. गोष्ट गोड आहे, परंतु युक्तिवाद वकिली आहे. पुरलेल्या धनाचा दाखला तर अगदींच फसवा. ज्या घरांत हा रोग शिरला आहे तेथील कोणालाही विचारा. म्हातारी माणसें दागिना किंवा नोटा तांदुळाच्या डब्यांत जपून ठेवतात, ठेवल्याचेंच विसरतात, आणि मोलकरणीवर आळ घेतात.

दुसरें चित्र ज्युवेनालचें. सिसेरोपासून दीडदोन शतकांनीं त्यानें आपल्या दहाव्या उपरोधकाव्यांत असा म्हातारा उभा केला आहे कीं ज्याला आपल्या दासांचीं नांवें आठवत नाहींत, काल रात्रीं पंक्तीस बसलेला मित्र ओळखतां येत नाहीं, आणि ज्यांस आपणच वाढविलें तीं मुलेंही ओळखूं येत नाहींत. तो त्यांस मृत्युपत्रांतून वगळून सर्वस्व एका वारांगनेला देऊन टाकतो. हा वर्णनाचा क्रम पाहण्याजोगा आहे. नांव, चेहरा, रक्ताचें नातें, अशा पायऱ्या त्यानें बरोबर उतरविल्या आहेत. पण एकच मनुष्य पहिल्या पायरीवर आयुष्यभर थांबूं शकतो, हा प्रश्न त्याला सुचला नाहीं, आणि केटोला खालच्या पायऱ्या दिसल्याच नाहींत.

प्रश्न प्रथम निकडीचा झाला तो वैद्यांना नव्हे, सरकारी कारकुनांना. मध्ययुगीन इंग्लंडांत ज्याला स्वतःची इस्टेट सांभाळतां येत नाहीं अशाची मालमत्ता राजाच्या देखरेखीखालीं जात असे. तेव्हां ती खरोखर सांभाळतां येत नाहीं काय, याची चौकशी करावी लागे. १३८३ सालीं नॉर्फकमधील लिन गांवीं एमा डी बेस्टन नांवाच्या विधवेची अशी चौकशी झाली तिचें टिपण शिल्लक आहे. तिला आठवड्याचे वार विचारले, चाळीस पेनींचे शिलिंग किती होतात तें विचारलें, नवरे किती झाले आणि त्यांचीं नांवें काय तें विचारलें. वार सांगतां आले नाहींत. हिशोब जमला नाहीं. नवरे तीन झाले हें आठवलें, नांव मात्र एकाचेंच. चौकशी करणाऱ्यांनीं तिच्या विरुद्ध निकाल दिला. आजच्या डॉक्टराच्या खोलींत जाऊन बसणाऱ्या वृद्धाला वार, तारीख, गांव आणि सुटी नाणीं यांविषयींच विचारतात हें लक्षांत घेतलें म्हणजे सहाशें वर्षांत परीक्षेचा कागद तेवढा बदलला असें वाटूं लागतें.

कायद्याची ही वाट पुढें बरीच शहाणी झाली. १८७० च्या बँक्स विरुद्ध गुडफेलो या इंग्रजी खटल्यानें मृत्युपत्र करणारा आजारी आहे काय हें न विचारतां, आपण काय करतों, आपल्यापाशीं काय आहे आणि त्यावर कोणाचा हक्क पोंचतो हें त्याला कळतें काय, असें विचारण्याचा दंडक घातला. आपल्याकडील १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या ५९ व्या कलमाचा रोखही तोच आहे. त्या घटकेला मनुष्याला आपण काय करीत आहों हें कळत असेल तर त्याचें मृत्युपत्र चालतें. कायदा रोगाचें नांव विचारीत नाहीं, हें त्याचें शहाणपण. त्या घटकेपलीकडे पाहत नाहीं, हा त्याचा तोकडेपणा.

एकोणिसाव्या शतकांतल्या फ्रेंच वैद्यांवरून आम्ही झरझर जाऊं. पिनेलनें वेडाच्या प्रकारांत 'देमांस' हा एक स्वतंत्र वर्ग केला. त्याचा शिष्य एस्किरोल यानें १८३८ च्या ग्रंथांत जन्मतः बुद्धि नसलेला आणि असलेली बुद्धि गमावलेला यांमधला भेद दरिद्री आणि नादार झालेला श्रीमंत यांच्या उपमेनें समजावून दिला. १८८१ सालीं रिबो या मानसशास्त्रज्ञानें स्मृति कोणत्या क्रमानें जाते त्याचा नियम सांगितला. नवें आधीं जातें, जुनें मागून. म्हणून आजीला पंचाहत्तर वर्षांपूर्वींची जत्रा आठवते आणि सकाळीं भात खाल्ला कीं नाहीं तें आठवत नाहीं. नियम मोठा उपयोगी, पण त्यावर विसंबून घरोघर एक खोटा दिलासा दिला जातो: 'छे, त्यांची स्मरणशक्ति उत्तम आहे, लहानपणचें सगळें सांगतात!' लहानपणचें सगळें सांगतां येणें हा निरोगीपणाचा पुरावा नव्हे, हें रिबोच्या नियमानेंच सिद्ध होतें.

येथें आम्हांस थोडें थांबलें पाहिजे, कारण कथा फ्रँकफुर्ट शहरीं येते. २५ नोव्हेंबर १९०१ रोजीं तेथील वेड्यांच्या इस्पितळांत आउगुस्ट डेटर नांवाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेंतील कारकून. कांहीं काळापासून ती त्याच्याविषयीं भलता संशय घेऊं लागली होती, स्वयंपाक बिघडवीत होती, वस्तु लपवून ठेवीत होती. तिची तपासणी आलोइस आल्झायमर या ३७ वर्षांच्या डॉक्टरानें केली आणि प्रश्नोत्तरें जशींच्या तशीं लिहून ठेवलीं. नांव विचारलें तर ती आउगुस्ट सांगे. आडनांव विचारलें तरी आउगुस्टच. नवऱ्याचें नांव विचारलें तर थोडी गोंधळून पुन्हां तेंच. दुपारीं ती फुलकोबी आणि मांस खात असतां काय खातेस असें विचारलें तर तिनें पालक सांगितला. नांव लिहावयास दिलें तर पहिल्या अक्षरांपुढें काय तें विसरे. आणि मधूनमधून ती म्हणे कीं माझी मीच हरवलें आहें. आजार डॉक्टराला कळण्याच्या आधीं रोग्याला कळला होता, असें ते कागद वाचतांना वाटल्यावांचून राहत नाहीं.

८ एप्रिल १९०६ रोजीं ती वारली. आल्झायमर तोंवर म्युनिकला क्रेपेलिनच्या हाताखालीं गेला होता; तिचा मेंदू त्यानें तेथें मागविला आणि रुप्याच्या क्षारानें रंगविण्याच्या, बील्शॉव्स्कीनें नुकत्याच शोधलेल्या पद्धतीनें त्याचे काप पाहिले. पेशींच्या आंत तंतूंच्या गुंतवळी आणि पेशींच्या बाहेर विखुरलेले ठिपके, असें त्याला दिसलें. ३ नोव्हेंबर १९०६ रोजीं ट्युबिंगेन येथें भरलेल्या मानसवैद्यांच्या सभेंत त्यानें हा वृत्तांत वाचला. एकानेंही प्रश्न विचारला नाहीं. ज्या नांवानें आज जगांतलीं घरें भितात, त्याचा जन्म असा मुक्यानें झाला.

पुढें जें झालें तें आमच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें आहे. क्रेपेलिननें १९१० च्या आपल्या पाठ्यपुस्तकांत या रोगास आल्झायमरचें नांव दिलें, परंतु तो अकालीं, म्हणजे वृद्धत्वापूर्वीं, येणारा विकार म्हणून. वस्तुतः प्राग येथील ऑस्कर फिशर यानें १९०७ मध्येंच, वार्धक्यांतील भ्रंशाचे १६ मेंदू तपासून त्यांपैकीं १२ मध्यें तसलेच ठिपके दाखविले होते. पण नांव पडलें तसें पडलें. परिणाम असा झाला कीं पन्नाशींत बुद्धि ढळली तर तो रोग, आणि सत्तरींत ढळली तर तें म्हातारपण. रोगाला इलाज शोधतात. म्हातारपणाला कोण शोधणार? रक्तवाहिन्या कठीण झाल्या एवढें कारण सांगून पुढील पन्नास वर्षें डॉक्टर मोकळे होत. म्हणजे आमच्या म्हणीनें जें केलें तेंच जर्मन पाठ्यपुस्तकानें केलें, फक्त साठीच्या जागीं पासष्टी घातली. फिशरचें नांव जवळजवळ पुसलें गेलें. तो यहुदी होता. १९४२ सालीं तेरेझीन येथील नाझींच्या तुरुंगांत तो मेला.

त्याच तेरेझीनमधून आमच्या कथेचा खरा नायक बाहेर पडला. प्रागचाच यहुदी मज्जावैद्य व्हॉयटेक आडाल्बेर्ट क्राल हा तेथील कोंडवाड्यांत कैदी होता आणि कैद्यांचा डॉक्टरही होता. जर्मनी आणि ऑस्ट्रियांतील हजारों वृद्ध यहुदी या कोंडवाड्यांत आणून टाकले होते. क्राल वांचला, कॅनडांत गेला, आणि मॉन्ट्रियल येथें एका वृद्धाश्रमांतील माणसांकडे वर्षानुवर्षें लक्ष देऊन पाहूं लागला. आम्हांस येथें उगाच कार्यकारणाचा धागा विणावयाचा नाहीं; तथापि ज्यानें म्हातारीं माणसें सामानासारखीं रचलेलीं पाहिलीं, तोच पुढें प्रत्येक म्हाताऱ्याचा विसर वेगळा काढून पाहूं लागला, ही गोष्ट मनांतून जात नाहीं.

१९६२ सालीं क्रालनें आपला निष्कर्ष मांडला. वार्धक्यांतला विसर दोन जातींचा आहे. एक सौम्य, दुसरा घातक. भेद असा कीं सौम्य विसर पडलेल्याला प्रसंग आठवतो, त्याचे तपशील निसटतात. घातक विसरांत प्रसंगच निसटतो. आपल्या घरचें उदाहरण घेऊं. गेल्या वैशाखांत आपण एका लग्नाला गेलों. काकू म्हणतात, 'मांडव मोठा होता, जिलबी कडक झाली होती, नवऱ्या मुलाची आई आमच्या शाळेंतली. पण मेलं तिचं नांव कांहीं केल्या आठवत नाहीं.' दुपारीं भांडीं आवरतांना तें नांव त्यांस आपसूक आठवतें. हा सौम्य विसर. दुसरा मनुष्य विचारतो, 'कोणतं लग्न?' आणि छायाचित्र दाखविलें तरी त्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटत नाहीं. किंवा, आणि हें अधिक फसवें, तो मोकळी जागा भरून काढतो. न गेलेल्या ठिकाणची हकीकत मोठ्या आत्मविश्वासानें सांगतो, आणि ऐकणाऱ्याला ती खरी वाटते.

क्रालनें दुसरें लक्षण सांगितलें तेंही मोलाचें. सौम्य विसर ज्याला आहे त्याला तो कळतो. तो शरमतो, क्षमा मागतो, उपरण्याला गांठ मारतो, चिठ्ठ्या लिहितो, आडवळणानें नांव टाळून वाक्य पुरें करतो. घातक विसर ज्याला आहे त्याला बहुधा आपण विसरतों हेंच आठवत नाहीं. यावरून एक उलटी गंमत निघते: स्मरणशक्ति गेली म्हणून जो स्वतः पायीं चालत डॉक्टराकडे जातो त्याच्याविषयीं काळजी कमी करावी, आणि ज्याला बायकोमुलें ओढून आणतात व जो 'मला कांहीं झालेलें नाहीं' म्हणतो त्याच्याविषयीं अधिक. याला अपवाद आहेत. आउगुस्ट डेटर हाच मोठा अपवाद. पण ढोबळ नियम म्हणून तो अजून खोटा ठरलेला नाहीं.

याच सुमारास, १९६१ मध्यें, कायलो या वैद्यानें आणखी एक सावधगिरीची सूचना दिली होती. खोल विषादानें ग्रासलेला वृद्ध हुबेहूब भ्रंश झाल्यासारखा दिसतो. प्रश्नाला उत्तर देत नाहीं, 'मला नाहीं आठवत' एवढेंच म्हणतो. विषाद उतरला कीं बुद्धि परत येते. यांत पुढें इतर सोंगाड्यांची भर पडली: थायरॉइड ग्रंथीचें मांद्य, झोंपेच्या गोळ्या, बहिरेपण, आणि ब-१२ जीवनसत्त्वाचा तुटवडा. हा शेवटचा सोंगाड्या आमच्या प्रांतीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगा, कारण पुण्यांत झालेल्या पाहण्यांत शाकाहारी मंडळींत हा तुटवडा फार मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. ज्याचें रक्तही तपासलें नाहीं त्याला भ्रमिष्ट ठरवून मोकळें होणें हा अन्याय आहे, आणि तो सुशिक्षित घरांतही होतो.

क्रेपेलिनची भिंत पाडली ती इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें. ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तिघांनीं वृद्धांच्या हयातींत त्यांच्या आप्तांना प्रश्न विचारले: घरकाम जमतें काय, किरकोळ पैसे हाताळतां येतात काय, ओळखीच्या रस्त्यांत वाट सांपडते काय, कपडे नीट घालतात काय. मृत्यूनंतर त्यांनीं तेच मेंदू तपासून ठिपके मोजले. जितके ठिपके अधिक तितकी आप्तांनीं सांगितलेली दुर्दशा अधिक, असा मेळ १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. १९७६ मध्यें अमेरिकेंतील कॅट्झमन यानें एका छोट्याशा लेखांत स्पष्ट सांगितलें कीं पन्नाशींतला रोग आणि सत्तरींतला रोग एकच. म्हातारपण हें निदान उरलें नाहीं. हा फार मोठा न्याय झाला. पण त्याबरोबर जगभरच्या म्हाताऱ्यांच्या मनांत एक भयही शिरलें. पूर्वीं चष्मा हरवला तर चष्मा हरवत असे, आतां आपणच हरवणार कीं काय असें वाटूं लागलें.

मग परीक्षा आल्या. १९७५ सालीं फोल्स्टीन पतिपत्नी आणि मकह्यू यांनीं तीस गुणांची एक छोटी परीक्षा तयार केली. तारीख, ठिकाण, तीन शब्द लक्षांत ठेवणें, उलट्या क्रमानें वजाबाकी, एक वाक्य लिहिणें, एक आकृति काढणें. दहा मिनिटांत होते म्हणून ती सर्वत्र पसरली. परंतु ज्यानें पाटीच धरली नाहीं त्याला वाक्य लिहावयास सांगून भ्रमिष्ट ठरविणें हा कोठला न्याय? हरियाणांतील बल्लभगढ भागांत मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ही अडचण सोडविली. १९९५ मध्यें त्यांनीं निरक्षर खेडुतांसाठीं या परीक्षेचा हिंदी अवतार प्रसिद्ध केला. लिहिलेलें वाचून त्याप्रमाणें डोळे मिटण्याऐवजीं 'माझ्या तोंडाकडे पहा आणि मी करतों तसें करा' असें सांगावयाचें. वाक्य लिहिण्याऐवजीं आपल्या घराविषयीं कांहीं बोलावयास सांगावयाचें. परीक्षा ही नेहमीं परीक्षकाच्या गांवची असते, हें या एका उदाहरणानें जितकें पटतें तितकें व्याख्यानानें पटणार नाहीं. उलट बाजूही आहे. जन्मभर पुस्तकांत गेलेला वकील किंवा शिक्षक रोग बराच पुढें गेला तरी तीसपैकीं अठ्ठावीस गुण मिळवून हंसत बाहेर येतो.

क्रालनें दोन जाती सांगितल्या; पण त्या दोन जाती कीं एकाच वाटेवरचे दोन मुक्काम, असा प्रश्न पुढील पिढीनें विचारला. याचें उत्तर म्हणून मधल्या प्रदेशाला नांव देण्यांत आलें. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटर्सन यानें १९९९ सालीं त्याच्या कसोट्या घातल्या: विसर पडतो अशी तक्रार, तिला शक्य तों घरच्यांचा दुजोरा, वयाच्या मानानें परीक्षेंतही कमतरता, परंतु बाकीची बुद्धि शाबूत आणि रोजचे व्यवहार बिनबोभाट. याला सौम्य बोधह्रास म्हणतां येईल. त्याच्या दवाखान्यांत आलेल्या अशा माणसांपैकीं दर सालीं शंभरांत १० ते १५ जणांना पुढें खरा भ्रंश झाला. साधारण वृद्धांत हें प्रमाण शंभरीं एक-दोन इतकेंच. आंकडा ऐकून छाती दडपते. पण दवाखान्याबाहेर, गांवांतल्या वृद्धांत पाहिलें तेव्हां तो पुष्कळ खालीं आला. कित्येक जण वर्षानुवर्षें तेथेंच राहिले, आणि कांहीं तर दुसऱ्या तपासणींत पुन्हां निरोगी ठरले. जो माणूस पुढल्या वर्षीं बरा निघतो त्याच्या कपाळावर यंदा शिक्का मारावा काय, यावर विद्वानांत अजून वाद आहे. आमचें मत विचाराल तर शिक्का मारूं नये, तारीख लिहून ठेवावी आणि वर्षानें पुन्हां पहावें.

दरम्यान मेंदू पाहणाऱ्यांनाही गर्व उतरविणारी एक गोष्ट अमेरिकेंत घडली. डेव्हिड स्नोडन यानें १९८६ मध्यें एका ख्रिस्ती संघांतील जोगिणींचा अभ्यास आरंभिला. ६७८ जणींनीं वर्षावर्षाला परीक्षा देण्याचें आणि मृत्यूनंतर मेंदू देण्याचें कबूल केलें. त्यांपैकीं सिस्टर मेरी म्हणून ओळखली गेलेली एक जोगीण १०१ वर्षें जगली आणि अखेरपर्यंत परीक्षेंत चांगले गुण मिळवीत राहिली. तिच्या मेंदूंत आल्झायमरच्या गुंतवळी आणि ठिपके भरपूर निघाले. बाविशीच्या सुमारास या जोगिणींनीं मठांत लिहिलेलीं छोटीं आत्मवृत्तें कपाटांत जपलेलीं होतीं. ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी होती त्यांना पुढें साठ वर्षांनीं भ्रंश कमी झाला असें दिसलें. म्हणजे काप पाहून माणूस सांगतां येत नाहीं. २००४ पासून जिवंतपणींच मेंदूंतले ठिपके प्रतिमेंत पाहण्याची सोय झाली आहे, तरी हा पेंच सुटलेला नाहीं. अंगीं ठिपके वागवून उत्तम संसार करणारे वृद्ध पुष्कळ आहेत.

२०२३ सालीं अमेरिकेंत लेकॅनेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. तें ठिपके कमी करतें, उतरण थोडी मंद करतें, आणि मेंदूंत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोकाही आणतें. द्यावयाचें तें केवळ सौम्य अवस्थेंत. ज्या रेषेवर इतके दिवस विद्वान भांडत होते तिच्यावर आतां दुकानें मांडलीं जाणार, हें उघड आहे. आपल्या देशापुरतें बोलावयाचें तर २०२३ मध्येंच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत साठीच्या पुढील लोकांत भ्रंशाचें प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारें ८८ लाख माणसें, असें निघालें. शंभरांतल्या उरलेल्या ब्याण्णवांना म्हण लागू नाहीं, हेंही त्याच आंकड्यांत आहे.

आतां आमच्या आप्तांतली एक हकीकत सांगतों. ती सांगण्यांत आमचाच कमीपणा आहे. काका निवृत्त संस्कृत शिक्षक, काकू घर सांभाळणाऱ्या. काकूंची गेलीं चार वर्षें नांवांची पंचाईत. सुनेला लेकीच्या नांवानें हांक मारीत, दुधावरचा हिशोब भिंतीवर खडूनें लिहीत, आणि 'माझं डोकं गेलं बाई' असें दिवसांतून दहा वेळां म्हणत. आम्हीं सर्वांनीं तें खरें धरलें. गॅसची कळ त्यांच्या हातीं देऊं नये, येथपर्यंत बोलणें आलें. काका मात्र पूर्वींसारखेच प्रसन्न. कोणी आलें कीं उठून स्वागत, समयोचित सुभाषित, आणि 'हें आमच्या कुटुंबाचें सध्यां असें चाललें आहे' असा मृदु खेद. शेवटीं काकूंना डॉक्टराकडे नेलें, काका सोबतीला.

डॉक्टरानें दोघांना एकच प्रश्न विचारला: मागची दिवाळी कशी गेली? काकू म्हणाल्या कीं धाकटीकडे गेलों होतों, तिच्या जावेला मुलगा झाला म्हणून. पाऊस अवेळीं आला, रांगोळी वाहून गेली, चकल्या मऊ पडल्या. त्या जावेचं नांव मात्र विचारूं नका. मग काकांकडे वळून विचारलें. काका दीपोत्सवाच्या प्राचीनत्वावर पांच मिनिटें फार सुंदर बोलले. त्यांत मागची दिवाळी कोठेंच नव्हती. डॉक्टरानें पुन्हां विचारलें तेव्हां त्यांनीं स्मित केलें आणि काकूंकडे पाहिलें. त्यांच्या बँकेच्या पुस्तकांतल्या चुका, एकच वर्तमानपत्र तीनदां वाचणें, बागेंतून परततांना झालेले उशीर, हें सर्व आम्हांस माहीत होतें. त्यांच्या वाणीनें तें झांकलें होतें.

काकूंचें रक्त तपासलें, ब-१२ च्या सुया दिल्या. नांवांचा विसर थोडा कमी झाला, गेला नाहीं. हल्लीं त्या रोज रात्रीं दिनदर्शिकेच्या चौकटींत त्या दिवशीं काय झालें तें दोन ओळींत लिहितात आणि सकाळच्या चहाला काकांना वाचून दाखवितात. जें नांव आठवत नाहीं त्याच्या जागीं टिंबें ठेवतात, आणि दुपारीं तें आठवलें म्हणजे पेन घेऊन भिंतीपाशीं जातात.